डावा खिसा

समजा, तुमच्या अंगात एक जाड कोट आहे आणि त्या कोटाला आतून, डाव्या बाजूला, बरोबर काळजावर येईल असा एक खिसा आहे. समजा, त्या खिशात पत्त्याच्या पानाएवढं एक कार्ड आहे. त्यावर तुमचा फोटो आहे, हसू नका असं सांगून काढलेला. आता नीट ऐका, कारण पुढचं जरासं अवघड आहे, पण तुम्हाला जमेल. त्या एका कार्डात दोन परवानग्या आहेत. एक या देशात राहायची आणि दुसरी या देशात काम करायची. पूर्वी त्यांचे कागद वेगळे असत. मग कुणाला तरी वाटलं, माणसाला दोन दोन रांगांत कशाला उभं करायचं, आणि दोन्ही परवानग्या एकात घातल्या. सोय झाली, खोटं कशाला बोला. पण एकाच दोऱ्याला दोन पतंग बांधले आणि दोरा तुटला तर काय होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. काम सुटलं की राहणंही सुटतं. आणि समजा, घरातल्या आणखी दोन माणसांची कार्डं तुमच्या कार्डाच्या आधारानं मिळालेली आहेत. मग दाराबाहेर पाऊल टाकण्याआधी तुम्ही काय कराल? तुमचा उजवा हात आपोआप वर जाईल आणि डावा खिसा चाचपून बघेल. कार्ड आहे. चला.

झुल्फो रोज हेच करायचा, आणि आपण हे करतो हे त्याला ठाऊकही नव्हतं. ठाऊक झालं ते नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी सकाळी, ल्युब्ल्याना शहराच्या फुझिने वस्तीतल्या शाळेच्या फाटकापाशी. धुकं इतकं दाट होतं की उंच इमारतींचे वरचे मजले नाहीसे झाले होते आणि नदी नुसती ऐकू येत होती. त्याची मुलगी उमिहाना, घरात सगळे तिला उमी म्हणत, त्याचा हात सोडून फाटकातून आत निघाली. दुसरीत होती ती. दोन पावलं गेली, थांबली, आणि तिचा उजवा हात वर आला. तिनं आपल्या कोटाच्या डाव्या बाजूवर तीन बोटं हलकेच दोनदा आपटली. मग मान हलवली, स्वतःशीच, आणि पुढे निघाली.

"उमी," त्यानं हाक मारली. "खिशात काय आहे ग?"

"काही नाही."

"मग काय बघितलंस?"

ती त्याच्याकडे असं बघत राहिली, की बाबोला एवढंही कळू नये! "बाहेर जाताना असं करायचं असतं ना."

"कुणी करायचं असतं?"

"आपण," ती म्हणाली आणि वर्गात घालायच्या सपातांची पिशवी हलवत धुक्यात शिरली.

तो फाटकापाशी उभा राहिला. इतर मुलं जात होती, एकमेकांना ढकलत, टोप्या ओढत. कुणाचा हात छातीकडे जात नव्हता. कशाला जाईल? त्याला उगीच वाटलं, आपण रस्त्यात काहीतरी सांडलंय आणि मागून येणाऱ्या पोरीनं ते उचलून जपून ठेवलंय. आपली आजी घराबाहेर पडताना ओठांतल्या ओठांत काही पुटपुटायची, तेही आपण न विचारताच उचललं होतं. पण ती प्रार्थना होती. हे काय होतं? उमीला आपण कधी भीती दाखवली नव्हती. कचेरीत कार्डं काढायला गेले तेव्हासुद्धा त्यानं सगळं हसण्यावारी नेलं होतं. काचेपलीकडच्या मुलीनं उमीची बोटं एकेक करून यंत्रावर ठेवून घेतली होती, आणि उमीनं काळजीनं विचारलं होतं, "हे घेतात, पण परत देतात ना?" ती मुलगी हसली होती, त्याची बायको मेव्लिदा हसली होती, तोही हसला होता. तेव्हा त्याचा उजवा हात कुठे होता, हे आता त्याला आठवेना.

या आठवड्यात तो घरी होता, कारण ऑस्ट्रियातलं काम संपलं होतं आणि जर्मनीतलं अजून सुरू व्हायचं होतं. तो फरश्या बसवायचा. भिंतीला, जमिनीला, पोहायच्या तलावाला, जिथं म्हणाल तिथं. त्याचा मालक एद्हेम हा त्याच्याच भागातला, बोस्नियातल्या क्लादान्यच्या डोंगरातला. बऱ्याच वर्षांपूर्वी इकडे आलेला, आता इथलाच नागरिक. गावाकडून माणसं आणायची, इथं आपल्या नावावर लावायची आणि पुढे ऑस्ट्रिया-जर्मनीत कामांवर पाठवायची, असा त्याचा व्यवसाय. त्यामुळं झुल्फोच्या कार्डावर या देशाचं नाव असलं तरी त्याचे दिवस दुसऱ्याच देशांत जात. रविवारी रात्री खाली गाडी यायची, शुक्रवारी उशिरा परत सोडायची, कधी महिन्यानं सोडायची. पहिलं वर्ष तो कामगारांच्या खोलीत राहिला होता, आणि अंधारात कुणाला न उठवता पाय घालता यावेत म्हणून बूट दाराकडे तोंड करून ठेवायची सवय तिथं लागली. मेव्लिदा आणि उमी आल्या, हे भाड्याचं घर झालं, तरी ती सवय गेली नाही. "काय हे," मेव्लिदा म्हणायची, "आपल्याच घरात पाहुण्यासारखे बूट ठेवतोस." कारण त्यांच्याकडे पाहुणा आत बसला की घरातलं पोर बाहेर जाऊन त्याचे जोडे फिरवून ठेवतं, निघताना त्याला वळायला लागू नये म्हणून.

तो नदीकाठानं चालू लागला. लोव्रोकडे जायचं होतं, पण पाय हळू पडत होते. लोव्रो हा इथला म्हातारा मिस्त्री, जुन्या घरांतल्या फरश्यांच्या शेगड्या बांधणारा. छतापर्यंत जाणाऱ्या, हिवाळाभर ऊब धरून ठेवणाऱ्या हिरव्या शेगड्या. गेल्या वर्षी एका घरात झुल्फो न्हाणीघर करत होता आणि शेजारच्या खोलीत लोव्रोची शेगडी चालली होती. लोव्रो दारात येऊन बराच वेळ उभा राहिला. झुल्फो प्रत्येक फरशी बसवल्यावर बोटाच्या पेरानं तिच्यावर टकटक करायचा आणि कान द्यायचा. खाली पोकळी राहिली तर आवाज वेगळा येतो. "कानानं काम करतोस की," म्हातारा म्हणाला होता. मग अधूनमधून भेटी होत गेल्या आणि गेल्या महिन्यात त्यानं सरळच विचारलं, "माझ्याकडे येतोस? माझे गुडघे गेले. काम इथंच, गावात. संध्याकाळी घरी." संध्याकाळी घरी. हे दोन शब्द झुल्फोनं इतके दिवस तोंडात खडीसाखरेसारखे धरून ठेवले होते, चावले नव्हते. कारण कार्ड एद्हेमच्या कामावर दिलेलं होतं. लोव्रोकडे जायचं तर कचेरीची संमती हवी, ती यायला काही आठवडे जाणार, आणि मधल्या दिवसांत एद्हेमनं नाव काढून टाकलं तर? तर राहण्याचाच प्रश्न. मग मेव्लिदाचा, मग उमीचा. वर्षाच्या मधोमध शाळा सोडून परत त्या डोंगरात, जिथल्या शाळेत आता मोजकीच मुलं उरली होती.

वस्तीच्या शेवटच्या इमारतीपाशी त्यानं नकळत भिंतीवर पेरानं टकटक केलं. भरीव. या इमारती त्याच्या बापानं बांधल्या होत्या. म्हणजे एकट्यानं नव्हे, गावातले निम्मे बाप तेव्हा इथं होते. क्रेननं भिंतीच्या भिंती वर चढवत होते. बाप शुक्रवारच्या बसनं यायचा, पिशवीत उमीच्या वयाच्या झुल्फोसाठी चॉकलेट असायचं आणि अंगाला सिमेंटचा, ओल्या खडूसारखा वास. तेव्हा बोस्निया काय आणि इथलं काय, सगळा एकच देश होता. बापाच्या खिशात काय असायचं? कंगवा. सिगारेटी. तो दारातून निघताना खिसा चाचपायचा का, हे झुल्फोनं पुष्कळ आठवून पाहिलं. नाही. तो आईच्या पाठीवर थाप मारायचा आणि निघायचा. कोणता मजला, कोणती भिंत, हे त्यानं कधी सांगितलं नाही, आणि आता विचारायला तो नाही. पण त्याच्या मुलाला या भिंतींच्या आत झोपायला कार्ड लागतं, हे ऐकून तो खो खो हसला असता. नाहीतर गप्प झाला असता. दोन्ही चेहरे झुल्फोला स्पष्ट दिसले, आणि कोणता खरा हे ठरवता येईना.

लोव्रोच्या कारखान्यात मातीचा आणि लाकडाच्या धुराचा वास होता. म्हाताऱ्यानं त्याला बसायला उलटी बादली दिली. "मंगळवारी मला वेळ आहे," तो म्हणाला. "म्हणालास तर तुझ्याबरोबर कचेरीत येतो. मालक म्हणून सही करायला मला यावंच लागेल ना? एक सांग, तुझ्या मालकाला कळवलंस?"

"रविवारी येणार आहेत ते. कॉफीला."

"सांगशील?"

झुल्फोनं समोरची हिरवी फरशी उचलली, उलटी केली, पुन्हा ठेवली. "माझी मुलगी खिसा चाचपते," तो म्हणाला. म्हाताऱ्याला अर्थातच काही कळलं नाही, पण त्यानं विचारलं नाही. शेगडीवाले लोक वाट बघायला सरावलेले असतात. माती वाळल्याशिवाय पुढे जाताच येत नाही.

रविवारी दुपारी एद्हेम आला. हातात आपल्या आईच्या गावचा मध, अंगात नवा कोट. दाराबाहेर जोडे काढता काढताच त्याचा आवाज आत आला. "वहिनी, बटाटा भरून भाजलेल्या पीताचा वास लिफ्टपर्यंत येतोय. एक बाई मला विचारत होती, आज कुणाकडे लग्न आहे का!" मेव्लिदा हसली, कारण हसावंच लागलं, आणि हसू खरंही होतं. हे घर एद्हेमनंच शोधून दिलं होतं. मेव्लिदा आणि उमी आल्या त्या रात्री बसथांब्यावर गाडी घेऊन तोच उभा होता, आणि झोपलेल्या उमीला त्यानं खांद्यावर घेऊन वर आणलं होतं, कारण लिफ्ट बंद होती. हे झुल्फो विसरला नव्हता. विसरता आलं असतं तर सोपं झालं असतं.

"काय ग उमी, केवढी झालीस! बापाला ओळखतेस ना अजून?"

"ओळखते," उमी म्हणाली. "या आठवड्यात रोज तोच मला सोडायला आला."

पहिली कॉफी झाली. तांब्याच्या लांब दांड्याच्या भांड्यातून, बिनकानाच्या चिमुकल्या कपांत, साखरेचा खडा दाताखाली धरून. क्लादान्यच्या बाजूला उमीची आजी तिला बाहुल्यांची भांडी मांडून शिकवायची. पहिली या-कॉफी. दुसरी बसा-कॉफी. आणि पाहुणा फारच रेंगाळला, सूर्य कलला, गाईंच्या धारा काढायच्या राहिल्या, तर तिसरी उठा-कॉफी. तोंडानं कुणी काही म्हणायचं नाही. तिसरा कप पुढे आला की पाहुण्यानं तो प्यायचा, छान झाली होती म्हणायचं आणि जोडे घालायचे. हल्ली ती कुणी देत नसे. तिच्यावर नुसते विनोद व्हायचे.

दुसरी कॉफी आली आणि एद्हेम मुद्द्यावर आला. "तर स्टुटगार्ट. मोठं हॉटेल आहे. न्हाणीघरंच न्हाणीघरं, झुल्फो! तिथं माणसं झोपतात की नुसती अंघोळच करतात कोण जाणे. शाळेला उन्हाळ्याची सुटी लागेपर्यंतचं काम आहे. तुझ्यासारखा हात माझ्याकडे दुसरा नाही, हे मी तोंडावर सांगतो."

"मालक, मी म्हणत होतो, इथंच काही..."

"इथं? इथलं काम मी तरी घेतो का रे?" एद्हेमनं कप खाली ठेवला. अर्धा भरलेला. आवाज उतरवला, तो धमकीचा नव्हता, थोरल्या भावाचा होता. "त्या शेगडीवाल्याचं माझ्या कानावर आलंय. भला म्हातारा आहे, मी नाही म्हणत नाही. पण संमती येईपर्यंत तू कुणाच्या नावावर? माझ्याच ना? आणि तू जर्मनीला नाही म्हणालास तर मी तुला नावावर ठेवून काय करू, तूच सांग. एकटा असतास तर गोष्ट वेगळी होती. तुझ्यामागे दोघीजणी आहेत. मी तुला भीती घालत नाहीये, भाऊ. आहे ते सांगतोय."

आणि ते खरंच तसं होतं. झुल्फोनं प्रत्येक वाक्यावर मनातल्या मनात पेर आपटून पाहिलं, एकही पोकळ निघालं नाही. एद्हेम खोटं बोलत नव्हता. खोटं बोलला असता तर रागावता आलं असतं. खिडकीबाहेर धुकं तसंच होतं, समोरच्या इमारतीतले दिवे दुपारीच लागले होते, आणि झुल्फोला हॉटेलची ती सगळी न्हाणीघरं एकामागून एक दिसू लागली, पांढरी, आवाज घुमणारी, आणि प्रत्येकाच्या दारात त्याचे बूट, बाहेर तोंड करून. मग उन्हाळा. मग दुसरं हॉटेल. उमी तिसरीत, पाचवीत, आणि दर वेळी घरातून बाहेर पडताना तीन बोटं, दोनदा. त्याला हो म्हणायचं होतं. हो म्हणजे सगळं जागच्या जागी राहील. तोंड उघडलंही.

तेवढ्यात उमी स्वयंपाकघरातून आली. दोन्ही हातांत एक बशी, बशीत एकच कप. भांड्याच्या तळाशी उरलेली, गाळासकट ओतलेली, काळीकुट्ट. जीभ दातांत धरून, न सांडता, ती थेट एद्हेमपाशी गेली आणि त्याच्या अर्ध्या भरलेल्या कपाशेजारी तिनं तो तिसरा कप ठेवला.

मेव्लिदा स्वयंपाकघराच्या दारात होती. तिचा हात तोंडावर गेला होता. पण ती पुढे आली नाही.

इथला एखादा माणूस असता तर थँक्यू म्हणाला असता आणि बोलत राहिला असता. एद्हेमला तसं करता येईना. तो कपाकडे बघत राहिला. कानांच्या पाळ्या हळूहळू लाल झाल्या. "कार्टे," तो शेवटी म्हणाला, "हे काय आहे माहीत आहे का तुला?"

"माहीत आहे. आजीनं शिकवलंय."

"काय शिकवलंय?"

"ते बोलून दाखवायचं नसतं."

एद्हेम फसकन हसला, आणि हसू मध्येच थांबवून त्यानं झुल्फोकडे पाहिलं. त्या नजरेत दार उघडं ठेवलेलं होतं. "पोर आहे, तिला काय कळतंय," एवढं वाक्य पुरे होतं. ते झुल्फोच्या जिभेवर आयतं तयारही होतं. सगळे हसले असते, मेव्लिदानं ताजी कॉफी टाकली असती, आणि उमीला कळलं असतं की तिनं चूक केली. त्याचा उजवा हात वर आला. पण कोट बाहेर खुंटीवर होता, अंगात घरातला स्वेटर होता, आणि त्याला खिसाच नव्हता. बोटांना नुसती छाती लागली. ती धडधडत होती, भरीव, त्याची स्वतःची. हात तिथंच राहिला थोडा वेळ.

"घ्या, मालक," तो म्हणाला. "गरम आहे तोवर घ्या."

"हे तू म्हणतोयस की ही पोर?"

"घरातली कॉफी आहे. घरानं दिलीय." आणि त्यानं पुढचंही सांगून टाकलं, "मंगळवारी मी कचेरीत जातोय. लोव्रोमिस्त्री बरोबर येणार आहेत. संमती येईपर्यंत माझं नाव काढू नका, एवढं तुमच्याकडे मागतो. स्टुटगार्टला मात्र मी जाणार नाही."

एद्हेमनं कप उचलला. सावकाश प्याला, गाळ लागेपर्यंत. तोंड पुसलं. "तुझ्या आईनं मला एकदा दिली होती ही," तो म्हणाला. "तुझ्या बापाशी बोलत बसलो होतो, उठायचं नावच नाही. अंगणात गाय हंबरतेय, आणि मी बसलोय! तिची याहून कडू होती." तो उठला, सोफ्याच्या हातावर भार देऊन, एकदम वय झाल्यासारखा. "छान झाली होती, वहिनी."

"आणि नावाचं, मालक?"

"बघू," एद्हेम म्हणाला.

झुल्फोनं त्या एका शब्दाला कान दिला. खाली पोकळी आहे की नाही, हे त्याला ओळखता आलं नाही. काही फरश्या अशा असतात. त्यांच्यावर चालू लागल्याशिवाय समजत नाही.

उमी आधीच बाहेर पळाली होती. एद्हेमचे चकचकीत जोडे तिनं फिरवून लिफ्टकडे तोंड करून, जोडीनं नीट लावून ठेवले होते. एद्हेमनं न वाकता पाय घातले, तिच्या डोक्यावर टपली मारली, आणि लिफ्टचं दार बंद झाल्याचा आवाज आला. झुल्फो आणि मेव्लिदा चौकटीत उभे होते. उमी मात्र अजून खालीच उकिडवी बसली होती. शेजारी तिच्या बाबोचे कामाचे बूट होते, सिमेंटनं पांढुरके झालेले, नेहमीसारखे बाहेर तोंड करून. तिनं त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग दोन्ही हातांनी पहिला बूट उचलला, जड होता म्हणून पोटाशी धरला, वळवला आणि टोक घराकडे करून खाली ठेवला. मग दुसरा.